सीडी भरायची कशी, आणि दुसऱ्याची ऐकून लिहायचं काय

दुसऱ्याने भरून दिलेली सीडी ऐकून तुम्ही "सगळी गाणी श्रवणीय" एवढंच लिहून देणार असाल, तर ती सीडी मागून घेऊ नका. गाणी श्रवणीय आहेत हे भरणाऱ्याला ठाऊकच होतं, म्हणून तर त्याने ती घेतली. हिराबाई बडोदेकरांना किंवा माणिक वर्मांना आपल्या शिफारशीची गरज नाही. पण ज्याने रोज रात्री जेवणं झाल्यावर बसून ती गाणी एकामागे एक लावली, पुसली, पुन्हा लावली, त्याला कुणीतरी सांगायला हवं असतं की पाचव्यानंतर सहावं का ठेवलंस ते मला उमगलं. गाणं गायकाचं, शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. घरी भरलेल्या सीडीत आपलं असतं ते दोन गाण्यांमधल्या जोडाचं काम. भरणाऱ्याने मेहनत करायची ती तिथे, आणि ऐकणाऱ्याने कान लावायचा तोही तिथेच.

आमचं सांगली-मिरजेतलं मंडळ याच एका गोष्टीवर चाललंय. मंडळ म्हणजे आठ-दहा जण: दोन निवृत्त शिक्षिका, रेल्वेतले एक काका, मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्या घरातला एक मुलगा, मी, अशी सगळी. दर महिन्याला एकाची पाळी. त्याने एक सीडी भरायची, ती पाकिटातून सगळ्यांच्या घरी फिरते आणि प्रत्येक जण लेखी अभिप्राय देतो. डोंबिवलीतल्या माझ्या मावसबहिणीला तिच्या ओळखीच्या लोकांत असंच सुरू करायचंय. तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत होते, ते इथे सलग लिहिते.

सीडीच का, हे पहिल्यांदा. ऑडिओ सीडीत ८० मिनिटं मावतात, जास्त नाही. या मर्यादेमुळे निवड करावीच लागते. फोनवरच्या यादीत दोनशे गाणी टाकता येतात, म्हणून तिथे कुणी काही वगळत नाही. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची. नुसती जुनी पदं आणि भावगीतं घेतली तर वीस-बावीस बसतात, आणि वीस मिनिटांचा एखादा शास्त्रीय ख्याल घेतला तर पाव सीडी संपली. हा हिशेब आधी कागदावर मांडा. ८० मिनिटं मावतात म्हणून ८० भरूही नका. सीडी आतून बाहेरच्या कडेकडे वाचली जाते, आणि जुने किंवा धूळ बसलेले प्लेअर नेमके कडेला अडखळतात. शेवटची भैरवी तुटत ऐकू आली तर सगळ्यावर पाणी पडतं. बहात्तर-चौऱ्याहत्तर मिनिटांवर थांबा.

विषय

"माझी आवडती गाणी" हा विषय नाही. "पावसाची गाणी" हा विषय आहे, पण ढोबळ. ऐकणाऱ्याला पहिल्या गाण्यातच कळतं की आता सत्तर मिनिटं पाऊस पडणार, आणि तो निम्म्यावर उठतो. विषय असा हवा की ऐकता ऐकता हळूहळू लक्षात यावा.

दोन उदाहरणं देते, दोन्ही आमच्याकडे झालेली. मिरजेच्या मुलाने एक सीडी भरली होती शास्त्रीय गायनातल्या किराणा घराण्याची. मिरजेत हे घराणं परकं नाही. या घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच राहिले, आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. त्याने खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी सुरुवातीला ठेवली, मग त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, मग खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई. त्यानंतर एका कोवळ्या, उंच, पातळ बायकी आवाजातली जुनी तबकडी आणि लगेच पुढे एक भारदस्त, जवळजवळ पुरुषी वाटणारा आवाज. यादी पाहिल्याशिवाय ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते दोन वेगळे गायक वाटले. दोन्ही गंगूबाई हनगल. तरुणपणीच्या त्यांच्या काही तबकड्यांवर "गांधारी" असं नाव छापलेलं आहे. पुढे घशावर उपचार झाले आणि आवाज पालटला. त्या एका जोडात एका बाईचं अख्खं आयुष्य ऐकू आलं, आणि त्यासाठी मुलाने एक शब्दही बोलून दाखवला नव्हता. सीडी भरणं म्हणते मी ते याला.

दुसरं उदाहरण रेल्वेतल्या काकांचं. मारवा, पुरिया आणि सोहनी या तीन रागांत सूर तेच लागतात: रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) नाही. पण मारवा मावळतीचा, पुरिया त्यानंतरचा आणि सोहनी उत्तररात्रीचा. काकांनी मारवा सुरुवातीला, पुरिया मध्यावर आणि सोहनी शेवटाकडे अशी तीन ठिकाणी खुंटी ठोकली आणि मधे भावगीतं, नाट्यपदं, एक बासरी असं ओवत नेलं. विषयाचं नाव त्यांनी कुठेही लिहिलं नव्हतं. त्या सीडीबद्दल पुढे बोलते.

जोड

दोन गाणी एकमेकांशेजारी ठेवण्याआधी मी चार गोष्टी बघते: षड्ज (गाण्याचा मूळ "सा"), लय, आवाजाची जात आणि काळ.

षड्ज सगळ्यांत आधी, कारण कानाला पहिला धक्का तिथे बसतो. मागचं गाणं पेटीच्या काळी एक या पट्टीत असेल आणि पुढचं पांढरी दोनमध्ये, तर ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण पुढचं गाणं पहिली काही सेकंदं बेसूर वाटेल. मागचा षड्ज कानात अजून घुमत असतो आणि नवा त्याला अर्ध्या सुराने घासतो. याउलट काळी एकमागे काळी चारचं गाणं आलं तर मागच्याचा पंचम पुढच्याचा षड्ज होतो आणि गाणं आपणहून दार उघडून आत येतं. पुरुषाच्या गाण्यामागे बाईचं गाणं म्हणूनच पुष्कळदा सहज बसतं. घरात पेटी असेल तर तिच्यावर, नसेल तर फोनवरच्या तंबोऱ्यावर प्रत्येक गाण्याचा षड्ज शोधा आणि यादीत नावापुढे लिहून ठेवा. जुन्या तबकड्यांची एक गंमत ध्यानात असू द्या: सगळ्या काही बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत, त्यामुळे आज आपल्यापर्यंत पोचलेला सूर मूळ गायकाचाच असेल असं नाही. म्हणून पुस्तकात काय लिहिलंय ते बाजूला ठेवून तुमच्या हातातल्या मुद्रणाचाच सूर तपासा. अर्ध्या सुराचा घास टाळता येत नसेल तर मधे चांगली सहा-सात सेकंदं शांतता सोडा, नाहीतर तबल्याचा एखादा तुकडा घाला.

लयीचं सोपं आहे. सलग दोन गाणी एकाच ठेक्यात आणि एकाच चालीने जाणारी नकोत. दादऱ्यातल्या दोन भावगीतांमागे तिसरं दादऱ्यातलंच आलं की मन स्वयंपाकघरात जातं. मधे केरवा घ्या, नाहीतर बिनतालाचं काही.

आवाजाच्या जातीबद्दल मी हट्टी आहे. बालगंधर्वांची दोन पदं लागोपाठ ठेवू नयेत. पहिलं पद संपल्यावर त्या आवाजाची जी ओढ राहते, ती दुसऱ्या पदाने भागते आणि मग पुढच्या कुणाचंच गाणं लागत नाही. एक ठेवा, आणि दुसरं हवंच असेल तर अर्ध्या तासाने आणा. आमच्यातल्या एका शिक्षिकाबाईंना हे मुळीच मान्य नाही, त्या तीन-तीन ठेवतात.

काळाचा जोड कसा बसतो हे ऐकायचं असेल तर एक तबकडी जरूर ऐका. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात गेली. जगभरातले संगीताचे २७ तुकडे, सुमारे दीड तास. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडलेले. त्यात गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. ती कुणाच्या शेजारी आहे हे मात्र फारसं कुणी बघत नाही. तिच्या आधी गुछिन या सात तारांच्या चिनी वाद्यावरची साडेसात मिनिटांची संथ रचना आहे. तिच्यामागे ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकन गायकाचं १९२७चं मुद्रण: शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि तारेवरून सरकणारी गिटार. त्यानंतर बीथोव्हेनच्या चार तंतुवाद्यांसाठीच्या चौकडीतला एक संथ भाग, आणि तबकडी संपते. निवडणाऱ्यांनी मनात काय धरलं होतं ते राहू द्या, तुम्ही कान लावा. चिनी वादक तारेवर बोट सरकवतो ती मींड, केसरबाई घेतात ती मींड, गिटारवर येते तीही मींड. तीन देश आणि सूर एकाच वळणाने जातो. सीडी भरायला बसण्याआधी हा पंधरा मिनिटांचा तुकडा मी नव्या माणसाला ऐकवतेच.

भरणं

नव्या लॅपटॉपमध्ये सीडीची खाच नसते. यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. कोऱ्या सीडी ५०च्या डब्यात घेतल्या तर स्वस्त पडतात.

गाणी सारखी करायला ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. १९३०ची तबकडी आणि १९९०चं मुद्रण यांच्या आवाजात इतका फरक असतो की ऐकणारा सारखा उठून बटण फिरवतो. त्यात लाउडनेस नॉर्मलायझेशनची, म्हणजे सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणायची सोय आहे, ती वापरा, पण शेवटी कानाने ठरवा. एकटा गळा आणि वाद्यमेळ मापाने सारखे केले तरी कानाला सारखे लागत नाहीत, गळा किंचित खाली ठेवावा लागतो.

खरखर काढण्याच्या नादी लागू नका. हे मी कळकळीने सांगते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर तंबोऱ्याच्या तारांतून झिरपणारे वरचे सूर आणि गायकाचा "स", "श" खाऊन टाकतं. मागे उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. टिचक्या काढा, खरखर राहू द्या. ७८ची तबकडी स्टिरिओ सुईने उतरवली असेल तर दोन्ही बाजू एकत्र करून मोनो करा, तेवढ्यानेच पुष्कळ खरखर कमी होते. आणि गाणं संपलं की खरखर एकदम कापू नका, दोन-तीन सेकंदांत मावळू द्या. अचानक आलेली शांतता खरखरीपेक्षा जास्त बोचते. सुरुवातीच्या काळातले गायक तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत. १९०२ साली मुद्रित झालेल्या गौहरजान यांनी ते सांगितलेलं अनेकांनी ऐकलं असेल. अशा घोषणा कापायच्या नाहीत. त्या गाण्याचाच भाग आहेत.

राइट करताना "ऑडिओ सीडी" हाच पर्याय निवडा. एमपीथ्रीची डेटा सीडी केलीत तर जुन्या डेकवर वाजणार नाही, आणि वाजली तरी पुष्कळदा फायलींच्या नावांच्या क्रमाने वाजेल, म्हणजे तुमची सगळी जुळणी वाया. "डिस्क ॲट वन्स", म्हणजे पूर्ण सीडी एका दमात लिहिणं, हे निवडा. एकेक गाणं सुटं लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीत दोन गाण्यांमधे आपोआप दोन सेकंदांची पोकळी पडते. किती थांबायचं ते आपण ठरवायचं, सॉफ्टवेअरने नाही. लिहिण्याचा वेग १६ एक्सच्या (सीडी वाजण्याच्या वेगाच्या सोळापट) आसपास ठेवा. झाली की ज्या यंत्रावर भरली त्यावर न तपासता दुसऱ्या यंत्रावर अथपासून इतिपर्यंत ऐका.

सीडीवर बॉलपेनने लिहू नका. चकाकणारा थर वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली लगेच असतो, त्यावर ओरखडा गेला की गाणं गेलं. मऊ टोकाचं सीडीचं मार्कर वापरा. चिकटवायची लेबलंही नकोत, दमट हवेत सुटतात आणि प्लेअरमध्ये अडकतात.

पाकीट

पाकिटात तीन वस्तू: सीडी, यादीचा बंद लिफाफा, आणि अभिप्राय टाकायचा मोठा लिफाफा. यादीचं कार्ड १२ सेंटिमीटर चौरस कापलं की सीडीच्या डबीत बसतं. त्यावर गायक, कवी, संगीतकार, साथीदार, राग, आणि मुद्रण कुठून मिळालं ते लिहा. तबकडीचा क्रमांक माहीत असेल तर तोही. इंटरनेटवरून उतरवलेल्या माहितीत भूप आणि देसकार या रागांची अदलाबदल हटकून सापडते, कारण दोन्हींचे सूर तेच. म्हणून राग कानाने तपासूनच लिहा. जाणकाराला विचारलं असेल तर तसं नोंदवा.

हक्कांचंही बघा. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे तबकडी जुनी म्हणून सगळंच मोकळं झालं असं होत नाही. आमच्याकडे एकच सीडी फिरते आणि भरणाऱ्याकडे परत येते, परदेशी सभासदाला दिलेली एक फाइल सोडली तर तिच्या प्रती निघत नाहीत, पैसे घेतले जात नाहीत, कुणी ती इंटरनेटवर चढवत नाही. नवी गाणी आपण विकत घेतलेल्या मुद्रणातूनच घ्यायची. डोंबिवलीकरांनीही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

अभिप्राय

सीडी दोनदा ऐकायची. पहिल्यांदा यादी न उघडता, एका बैठकीत, हातात दुसरं काम न घेता. भाजी निवडत ऐकलेल्या सीडीवर अभिप्राय देऊ नये. दुसऱ्यांदा यादी उघडून, कागद-पेन घेऊन. आणि आधीच्या लोकांनी काय लिहिलंय ते वाचायचं नाही. मोठ्या लिफाफ्यात आपला कागद घडी घालून टाकायचा.

लिहायचं पत्राच्या रूपात. समोरचा माणूस डोळ्यांपुढे असला की "अप्रतिम", "केवळ स्वर्गीय" असले शब्द आपोआप गळतात आणि नेमकं बोलता येतं. तारे, गुण, दहापैकी किती, हे आम्ही ठेवलंच नाही. सहा गुणांचं कुणाला काय करता येतं? जिथे लक्ष सुटलं तिथलं मिनिट मात्र जरूर लिहा, भरणाऱ्याला त्याचाच सगळ्यांत जास्त उपयोग होतो. एखादं गाणं काढा म्हणायचं असेल तर त्या जागी काय बसेल तेही सुचवा, तेवढा विचार केल्याशिवाय काढा म्हणू नका. काकांच्या त्या सीडीवर मी लिहिलेल्या पत्रातला हा भाग:

"काका, सा. न. वि. वि. रविवारी दिवेलागणीला लावली. मारवा संपताना तुम्ही जो वेळ सोडलात तो बरोबर आहे, मला पुढचं गाणं तेव्हा नकोच होतं. पुरियाची बासरी आली तेव्हा काहीतरी ओळखीचं वाटलं, पण बोट ठेवता येईना. सोहनीला ते कळलं, आणि मग मी उठून पुन्हा मारव्यावर गेले. एकेचाळिसाव्या मिनिटापासून मात्र माझं लक्ष सुटलं. तिथे दोन भावगीतं एकाच दादऱ्यात, एकाच चालीने आहेत, आणि दोन्हींत आवाजही तसाच मऊ आहे. दुसरं काढून तिथे एखादं दीनानाथांचं पद ठेवलंत तर? त्यांची तान बिजलीसारखी येते, झोपलेला माणूस उठून बसेल. सोहनीनंतरची भैरवी मला जास्तीची वाटली. सोहनीने रात्र संपवली होती. भैरवीने शेवट करायची आपली रीत आहे हे खरं, पण या सीडीला तिची गरज नव्हती."

काकांनी दीनानाथांचं पद घेतलं. भैरवी ठेवली. "रीत ती रीत," म्हणाले.

चूक दाखवायची असेल, म्हणजे राग चुकीचा लिहिलाय किंवा गायकाचं नाव, तर ती मुख्य पत्रात न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर, पुराव्यासकट. मुख्य पत्र ऐकण्याबद्दल राहू द्या. वयाने लहान माणसाच्या सीडीवर लिहितानाही तेवढंच नेमकं लिहा. "छान प्रयत्न, बाळा" वाचून मिरजेचा मुलगा पहिल्या वर्षी सोडूनच जाणार होता.

उत्तर देण्याचा हक्क भरणाऱ्याला आहे, पण पाकीट सगळीकडे फिरून परत आल्यावर. तेव्हा आम्ही कुणाच्या तरी घरी जमतो, तो सगळी पत्रं मोठ्याने वाचतो, आणि लोक जिथे अडखळले ते जोड पुन्हा लावून ऐकवतो. दोन पत्रं एकाच जागेबद्दल उलटसुलट बोलत असतील तर ती जागा तीनदा ऐकली जाते. वादाला वेळेचं बंधन नाही, चहाला आहे.

जो ऐकतो पण लिहीत नाही, त्याची भरण्याची पाळी पुढे ढकलायची. हा एवढा एकच दंड आमच्याकडे आहे, आणि तो शिक्षिकाबाईंनाही लागू होतो. परदेशी गेलेल्या सभासदाला सीडी पाठवणं झेपत नसेल तर गाण्यांच्या सुट्या फायली देऊ नका, पूर्ण सीडीची एकच सलग फाइल द्या आणि ऐकून झाल्यावर ती पुसायला सांगा. न्यू जर्सीतला माझा भाचा तशी ऐकतो, कामावर जाताना गाडीत, आणि त्याचं पत्र बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी येतं.